किती लांबून वाचतो, हे विचारू नका

पहाटे पावणेतीनला फोन वाजला. "ताई, बूम आपोआप वर जातोय, खाली येतोय. गेटवर तर कुणीच नाही." वॉचमनकाकांचा आवाज दबलेला होता, जणू मोठ्याने बोललं तर बूमला ऐकू जाईल. गाडीच्या काचेवरचा टॅग लांबून वाचून बूम, म्हणजे गेटचा दांडा, उघडणारी यंत्रणा मी तिथे बसवली, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. मी पोचले तेव्हा दांडा खरंच एकटाच कवायत करत होता.

लॅपटॉप जोडला. लॉगमध्ये एकच टॅग, ओळीने चाळीस वेळा. ती गाडी गेटच्या आत, साधारण नऊ मीटरवर, भिंतीला लागून गाढ झोपलेली. बाहेर जाणाऱ्या गाड्या वाचणारा रीडर तिच्याकडे बघतही नव्हता. पण त्याच दिवशी केबिनशेजारी पत्र्याचा मोठा फलक लावला होता, आणि लहरी त्यावर आपटून तिच्या काचेपर्यंत पोचत होत्या. रीडर आपलं काम चोख करत होता. चुकले होते मी. रीडर कुठवर वाचतो हे मी तपासलं होतं, कुठे वाचायला नको हे तपासलं नव्हतं.

गेटवर आरएफआयडी, म्हणजे लहरींनी टॅग वाचणारी ही यंत्रणा, बसवायची म्हटलं की कमिटीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती लांबून वाचतो?" विकणाराही छाती फुगवून दहा मीटर, बारा मीटर सांगतो. मला विचाराल तर निवासी गेटला चार-पाच मीटर पुष्कळ झाले. बाकीचे मीटर म्हणजे डोकेदुखी आहे, आणि ती रात्री-अपरात्री उठते.

टॅग कोणता घ्यायचा

दाराला लावतो ती कार्डं १२५ किलोहर्ट्झ किंवा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात. ती काही सेंटिमीटरवरून वाचली जातात, म्हणजे पावसात काच खाली करून हात बाहेर काढणं आलं. बॅटरीवाले टॅग लांबून बोलतात, पण काही वर्षांनी बॅटरी संपते, आणि सगळ्यांची एकदम संपत नाही. रोज एकाची संपते. म्हणून गाड्यांसाठी बिनबॅटरीचा यूएचएफ टॅग घ्या. हा ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. रीडरच्याच लहरीतून त्याला जागं होण्यापुरती वीज मिळते आणि तो आपला क्रमांक परत पाठवतो. या पट्ट्यातला नेमका कोणता तुकडा आणि किती ताकद वापरायची, हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलेलं आहे. रीडर हातात आला की आधी त्याची प्रदेशाची सेटिंग तपासा. परदेशातून आलेला रीडर चुकीच्या पट्ट्यावर चालला तर तो बेकायदा ठरतो, शिवाय मोबाइलच्या लहरींत लुडबूड करतो ती वेगळीच.

टॅगवर आयएसओ १८०००-६३ किंवा ईपीसी जेन-२ असं लिहिलेलं हवं. दोन्ही एकच, जुन्या कागदांत हेच १८०००-६सी म्हणून सापडेल. टोलचे टॅगही बऱ्याच ठिकाणी याच भाषेत बोलतात, त्यामुळे "काचेवर एक आहेच, तोच वापरू" असं कुणीतरी म्हणतंच. तांत्रिकदृष्ट्या जमतं. अडचण अशी, की टोलवाल्यांनी तो बदलून दिला तर तुम्हाला कुणी कळवत नाही. सोमवारी सकाळी साडेआठला गाडी गेटवर अडते आणि मागे रांग लागते. मी सोसायटीचा स्वतःचा टॅग सुचवते. फक्त दोन्ही टॅग काचेवर एकमेकांना चिकटून लावू नका. वीतभर अंतर ठेवा.

खांब, कोन आणि ताकद

यावर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

अँटेनाचा झोत टॉर्चसारखा पसरतो. बाजारातल्या नेहमीच्या अँटेनाचा पसारा ६०-७० अंशांचा असतो. ७० अंश धरले तर ५ मीटरवर हा झोत ७ मीटर रुंद झालेला असतो. तुमची लेन असते तीनेक मीटरची. म्हणजे सरळ समोर बघणारा अँटेना शेजारची लेन, तिच्या पलीकडचा फुटपाथ आणि तिथे उभी असलेली गाडी, सगळं वाचणार. शिवाय ७० अंशांच्या काठावर झोत कापून टाकल्यासारखा संपत नाही. ताकद निम्मी झाली एवढाच त्याचा अर्थ. काठाबाहेरही टॅग उत्तर देतात.

म्हणून अँटेना साधारण दोन ते अडीच मीटर उंचीवर लावा आणि जमिनीकडे झुकवा. झोताचा मधला भाग गाडीच्या पुढच्या काचेवर पडला पाहिजे, आणि तोही जिथे गाडी जवळजवळ थांबते तिथे. खांब लेनच्या बाहेरच्या बाजूला असेल तर अँटेना शेजारच्या लेनकडे नको, आपल्या लेनच्या कुंपणाकडे कलता ठेवा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या लेनचे अँटेना एकमेकांकडे तोंड करून लावलेले मी पाहिले आहेत. ते एकमेकांच्या गाड्या वाचतात, आणि मग बाहेर गेलेल्या माणसाची आत आल्याची नोंद होते.

आता ताकद. रीडरमध्ये ती डीबीएममध्ये दिसते. ३० डीबीएम म्हणजे एक वॅट. दर ३ ने खाली आलात की ताकद निम्मी. अंतर मात्र त्याच मापाने घटत नाही: ताकद चौथाई केली, म्हणजे ३० वरून २४ वर आणली, तर मोकळ्या जागेत अंतर साधारण निम्मं होतं. पेटीतून काढलेला रीडर बहुतेक वेळा वरच्या टोकाला लावलेला असतो आणि बसवणारे तो तसाच सोडून जातात. मी सुरुवात २४ पासून करते आणि गरज पडेल तसं एकेक अंकाने चढते. वरून खाली यायला गेलं की माणूस "चाललंय ना" म्हणून मध्येच थांबतो. मीही थांबले होते.

अँटेना वर्तुळाकार ध्रुवणाचा घ्या, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेने न डोलता फिरत जातात असा. सरळ ध्रुवणाच्याला अंतर जास्त मिळतं, पण टॅग आडवा हवा असताना कुणी उभा चिकटवला की तो आंधळा. दोनशे लोक टॅग एकाच दिशेने चिकटवतील यावर माझा विश्वास नाही.

खडू घेऊन रस्त्यावर

हे करायला अर्धा दिवस लागतो आणि नेमकं हेच कुणी करत नाही. साध्या काचेचा वहीएवढा तुकडा घ्या, कडांना चिकटपट्टी लावा म्हणजे हात कापणार नाही, आणि त्यावर टॅग चिकटवा. गाडीच्या काचेचा टॅग काचेवरच नीट काम करतो. नुसता हातात धरला तर निकाल फसवे येतात. काच एखाद्या लाकडी काठीच्या टोकाला बांधून पुढच्या काचेच्या उंचीवर धरा. अंगाजवळ धरू नका. शरीरात पाणी असतं आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं.

माझा मदतनीस काठी घेऊन चालतो, मी लॅपटॉपवर बघते. टॅग पहिल्यांदा वाचला की "हां" म्हणते आणि तो तिथे खडूने फुली मारतो. मग डावीकडून, उजवीकडून, शेजारच्या लेनमधून, आतल्या पार्किंगच्या कडेने. तासाभरात रस्त्यावर एक वेडंवाकडं अंड्यासारखं चित्र उभं राहतं. ते अंडं आपल्या लेनमध्ये मावलं पाहिजे. मावत नसेल तर आधी कोन बदला, मग ताकद कमी करा, आणि पुन्हा चाला.

मध्येच एखादी जागा अशी सापडेल, की मागे वाचतो, पुढे वाचतो, तिथे मात्र नाही. टॅग बिघडलेला नाही. ८६६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. सरळ आलेली लहर आणि रस्त्यावरून उसळून आलेली लहर तिथे एकमेकींना मारतात. "गाडी वीतभर पुढे घ्या" असं वॉचमन सांगतात आणि बूम उघडतो, त्यामागचं कारण हे. चालत्या गाडीला त्याचा त्रास नाही. पण गाड्या नेमक्या थांबतात त्याच रेषेवर असा खड्डा आला, तर अँटेना थोडा वर-खाली सरकवून तो दुसरीकडे घालवा.

हीच फेरी पत्र्याचा टँकर किंवा मोठा टेम्पो गेटजवळ उभा करून एकदा पुन्हा करा. त्या रात्रीनंतर मी कधीच चुकवलेली नाही.

काचेवर चिकटवताना

टॅग आतून लावायचा, मागचा आरसा असतो त्याच्या आसपास, वरच्या भागात. काही गाड्यांच्या काचेत उन्हाचा ताप अडवणारा धातूचा पातळ थर असतो; त्यातून यूएचएफ आरपार जात नाही. अशा काचेत आरशामागे बहुधा काळ्या ठिपक्यांची एक मोकळी खिडकी सोडलेली असते, टॅग तिथेच. तीही नसेल तर हेडलाइटवर बाहेरून लावायचे टॅग मिळतात. धातूमिश्रित फिल्म लावलेल्या काचांचीही हीच गत.

आणि एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळा: मागचा कागद सोलण्याआधी टॅग साध्या चिकटपट्टीने तात्पुरता लावून गाडी एकदा गेटवरून नेऊन आणा. वाचला, तर सोला. हे टॅग मुद्दाम अशा कापांचे असतात की काढायला गेलं की आतली तार तुटते. म्हणजे एकाच्या गाडीवरचा काढून दुसऱ्याच्या गाडीला लावता येत नाही. सुरक्षेला हे उत्तम, पण "थोडा तिरका लागला, काढून परत लावते" असं म्हणायची सोय राहत नाही. काच आधी स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, मधून कडेकडे दाबत चिकटवा, नंतर दिवसभर ओल्या फडक्याने शिवू नका.

चाचणी एकदा काचेवर पाणी ओतूनही घ्या. पाण्याचा थर लहरी खातो आणि उन्हात जेमतेम वाचणारा टॅग पावसात गप्प बसतो.

दुचाक्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्याला चांगलं उत्तर नाही. धातूवर चालणारा खास टॅग किंवा हेडलाइटच्या काचेवरचा टॅग लावता येतो, पण चालवणाऱ्याचं शरीर आणि सामान मध्ये येतं, आणि दोन दुचाक्या एका दांड्याखालून सहज निघतात. जागा असेल तर त्यांना वेगळी वाट द्या.

एका क्रमांकाच्या दोन गाड्या

एका सोसायटीत एक आजोबा लॉगची प्रिंट घेऊन आले. त्यांची गाडी रात्री दोनला बाहेर गेली होती म्हणे. आजोबा नऊला झोपतात आणि किल्ली उशाशी ठेवतात. गाडी चोरीला गेली नव्हती, क्रमांक चोरीला गेला होता.

टॅगमधला ईपीसी क्रमांक बहुधा ९६ बिटांचा असतो, म्हणजे २४ आकडे-अक्षरांचा. पण रीडरपासून कंट्रोलरपर्यंत, म्हणजे यादी बघून दांडा उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या पेटीपर्यंत, जुन्या पद्धतीच्या विगंड २६ वायरी असतील, तर पलीकडे फक्त २४ बिट पोचतात. उरलेले दोन तपासणीचे. त्या २४ मधलेही ८ बिट ठिकाणाचे आणि १६ कार्डाचे. कंट्रोलर ठिकाणाचे ८ बघतच नसेल, तर उरतात फक्त ६५,५३६ वेगळे क्रमांक. टॅग दोन वेगवेगळ्या लॉटमधून आले आणि शेपटी सारखी निघाली, की झालं. तिथे नेमकं हेच झालं होतं.

उपाय दोन. रीडर-कंट्रोलर जोडणी अशी घ्या की अख्खा क्रमांक जाईल. आरएस-४८५ किंवा नेटवर्क केबल. आरएस-४८५ लांबही जाते, १२०० मीटरपर्यंत. विगंड दीडशे मीटरच्या पुढे नेऊ नये. आणि नोंदणी करताना ईपीसीवर विसंबू नका, टीआयडी, म्हणजे चिपचा स्वतःचा क्रमांक, घ्या. ईपीसी कुणीही हातातल्या यंत्राने बदलू शकतो, कारण बहुतेक टॅगांचा पासवर्ड कारखान्यातून शून्य असाच येतो आणि कुणी तो बदलत नाही. टीआयडी चिप बनवतानाच कोरला जातो, पुसून दुसरा लिहिता येत नाही. खास उपकरण घेऊन कुणी त्याचीही नक्कल करू पाहील, म्हणून सांकेतिक पडताळणी करणारे टॅग २०१३ साली आलेल्या जेन-२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मिळतात. घरांच्या गेटला मी तितकं ताणत नाही. टीआयडी, आणि प्रत्येक प्रवेशाला गाडीचा एक फोटो, एवढ्याने काम भागतं. फोटो पाहिला की टॅग एकाचा आणि गाडी दुसऱ्याची हे वॉचमनला लगेच कळतं.

रस्ता कापायला नाही म्हणू नका

पहाटेच्या त्या गोष्टीतली माझी दुसरी चूक इथली. कमिटी म्हणाली, नुकतंच डांबर टाकलंय, लूप नको. मी मान डोलावली.

लूप म्हणजे रस्त्यात पुरलेल्या तारेचे तीन-चार वेढे. वर गाडीचा धातू आला की तारेचं इंडक्टन्स बदलतं आणि डिटेक्टरला गाडी कळते. असे दोन हवेत. एक बूमच्या अलीकडे: त्यावर गाडी असेल तेव्हाच रीडरने वाचायचं, एरवी तोंड मिटून बसायचं. या एका अटीने भिंतीकडची झोपलेली गाडी बूम उघडू शकली नसती. दुसरा थेट दांड्याखाली: गाडी त्यावर असेपर्यंत दांडा खाली येता कामा नये.

चर कापताना कोपरे ४५ अंशांत तिरके कापा. काटकोनात तार वाकली की वर्षा-दोन वर्षांत तिथेच तुटते. लूपपासून डिटेक्टरपर्यंतच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून न्या, मीटरला वीसेक पीळ, आणि मोटरच्या वीजवाहिनीच्या पाइपातून नेऊ नका. सरकतं लोखंडी गेट लूपच्या जवळून जात असेल तर ते लूपला गाडीच वाटतं. उंच चाकांच्या ट्रकचं पोट लूपपासून इतकं वर असतं की मध्येच "गाडी गेली" असा गैरसमज होतो आणि दांडा ट्रकच्या पाठीत. म्हणून लूपच्या जोडीला प्रकाशकिरणाचा सेन्सर लावाच.

बूमचा वेग निवडताना एक छोटा हिशोब करा. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. टॅग ५ मीटर आधी वाचला तर चालकाच्या हातात दोन सेकंदही नाहीत. तीन मीटरचा दांडा तेवढ्यात वर जातो. सहा मीटरचा पाच-सहा सेकंद घेतो. लांब दांड्याला जलद मोटर शोधत बसण्यापेक्षा अलीकडे गतिरोधक टाका. त्याने मागच्या गाडीची घाईही मोडते. एकामागे एक चिकटून दोन गाड्या निसटणं कुठल्याही टॅगने थांबत नाही.

यादी आणि नोंदी

यंत्रं दोन दिवसांत बसतात. गाड्यांची यादी तयार व्हायला महिना लागतो. विकलेल्या गाड्या, भाडेकरू, मुलाच्या नावावरची पण वडील चालवतात ती. प्रत्येक टॅगसमोर गाडीचा क्रमांक, घर आणि संपण्याची तारीख घाला. भाडेकराराच्या शेवटच्या दिवशी टॅग आपोआप बंद झाला पाहिजे, कुणाच्या आठवणीवर राहता कामा नये. ही यादी कंट्रोलरमध्येच साठवलेली हवी. नेटवर्क गेलं म्हणून रहिवासी बाहेर ताटकळत राहिले तर चूक यंत्रणा निवडणाऱ्याची.

आत गेलेला टॅग बाहेर न येता पुन्हा आत येऊ द्यायचा नाही, असा नियम लावता येतो. पहिले दोन महिने तो नुसती नोंद करण्यापुरता ठेवा, अडवण्यासाठी नको. एखादा वाचनाचा ठोका चुकतोच, आणि मग प्रामाणिक माणूस स्वतःच्याच गेटबाहेर चोर ठरतो.

नोंदी कोण बघणार, हे मी काम सुरू करण्याआधी लिहून घेते. एकदा कमिटीतल्या एका सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अमुक घरची गाडी रात्री किती वाजता येते ते जरा काढून द्या ना. मी दिलं नाही. पण पासवर्ड तेव्हा केबिनच्या भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलेला होता, म्हणजे माझ्या नकाराला काडीचा अर्थ नव्हता. आता दोनच माणसांना प्रवेश, कुणी काय पाहिलं त्याचीही नोंद, आणि ठरलेल्या दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जाणार, एवढं झाल्याशिवाय मी किल्ल्या देत नाही.

हवाली करण्याआधी

वॉचमनसमोर मेन स्विच बंद करा. रीडर आणि कंट्रोलर बॅटरीवर चालू राहतात का बघा, आणि दांडा हाताने वर करून दाखवा. मग तो वॉचमनला करायला लावा, रात्रपाळीच्यालाही. नेटवर्कची केबल काढून पाच गाड्या आत घ्या. आगीचा अलार्म वाजवून दांडा आपोआप वर जाऊन तिथेच राहतो का पाहा. बंब टॅग लावून येत नाही. पाहुण्यांसाठी वॉचमनच्या हातात बटण हवंच, पण ते दाबल्याचीही नोंद फोटोसकट व्हावी.

मोटरची हाताने फिरवायची किल्ली बहुतेक ठिकाणी सेक्रेटरींच्या कपाटात असते, आणि सेक्रेटरी गावाला. ती केबिनमध्ये खिळ्यावर टांगा. त्या पहाटे मी आधी तेच केलं: किल्लीने दांडा वर करून ठेवला, ताकद २६ वर आणली, आणि उजाडल्यावर रस्ता कापायची परवानगी मागायला सेक्रेटरींच्या दारात उभी राहिले.